मधाची साखर झाली म्हणजे फसवलं का?

परवा सकाळी आईने मधाची बाटली माझ्या नाकासमोर उलटी धरली. बाटली उलटी आणि आतला मध ढिम्म हलेना. फिकट पिवळा, दाणेदार, वनस्पती तुपासारखा थिजलेला गोळा, आणि त्याच्या कडेने थोडंसं पातळ ओघळत होतं तेवढंच. "बघ, साडेपाचशे रुपयांची साखर आणलीस," एवढं बोलून ती पोहे परतायला निघून गेली. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हा सीन घरोघरी होतो. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर थंडीत कोणीतरी असा फोटो टाकतंच, मग खाली सुरू, भेसळ आहे, टाकून द्या, काडी पेटवून बघा, आमच्याकडे कोकणातून येतो तो कधी असा होत नाही वगैरे. दरवर्षी तेच टाइप करून कंटाळलो म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू, पुढच्या थंडीत नुसतं फॉरवर्ड करता येईल.

मधाबद्दल आपल्याला पडणारे निम्म्याहून जास्त प्रश्न, म्हणजे तो थिजतो का, नासत का नाही, पावसाळ्यात आंबट का होतो, भेसळ का पकडता येत नाही, हे सगळे एकाच हिशोबाने सुटतात. साखर किती आणि पाणी किती. बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

१०० ग्रॅम मध घेतला तर त्यात साधारण १७-१८ ग्रॅम पाणी, ३८ ग्रॅमच्या आसपास फ्रुक्टोज, ३१ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज, मग माल्टोजसारख्या आणखी काही साखरा आणि शेवटी चिमूटभर आम्लं, एन्झाइम, खनिजं, परागकण आणि वास देणारी द्रव्यं. आकडे फुलाप्रमाणे बदलतात पण गणित हेच. म्हणजे मध म्हणजे साखर नव्हे असं जे आपण छातीठोक सांगतो ना, त्यात फारसा दम नाही, मध ही साखरच आहे, फक्त दोन वेगळ्या साखरा आणि अगदी कमी पाणी.

आता १७ ग्रॅम पाण्यात ३१ ग्रॅम ग्लुकोज हे जरा डोळ्यासमोर आणा. पूर्वी आपल्याकडे त्या काळ्या-पिवळ्या सिक्स सीटर होत्या, सहा जणांची गाडी आणि आत अकरा जण, दोघं तर ड्रायव्हरच्या मांडीवरच. प्रमाण बरोब्बर तेवढंच आहे, करून बघा हिशोब. साध्या पाण्यात खोलीच्या तापमानाला पाण्याच्या वजनाएवढं ग्लुकोजसुद्धा धड विरघळत नाही आणि इथे जवळजवळ दुप्पट कोंबलंय. त्यातलं फ्रुक्टोज चिकट स्वभावाचं, त्याला पाणी भयंकर आवडतं, ते काही उतरत नाही. ग्लुकोज मात्र पहिली संधी मिळाली की गाडीतून उडी मारतं, म्हणजे पाण्यातून बाहेर येऊन रवे धरतं. थंडी पडली की ती संधी मिळते. साधारण १० ते १५ अंशाला मध सगळ्यात पटकन थिजतो, आणि पुण्याची जानेवारीतली पहाट बरोबर त्याच्या आसपास असते, त्यात आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात कधी ऊन येत नाही, मग काय होणार.

मग कोकणातून येणारा मध का थिजत नाही? एक तर तिकडे थंडी नाही, आणि दुसरं म्हणजे फूल वेगळं. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर थिजतो, ज्यात फ्रुक्टोज जास्त तो महिनोन्महिने पातळ राहतो. मोहरीचा मध या बाबतीत सगळ्यात उतावळा, कधी कधी काही आठवड्यातच घट्ट. मी आणलेला मोहरीचाच होता, आठवडे बाजारात एक मधपाळ बसतात त्यांच्याकडून, थंडीत त्यांच्या पेट्या राजस्थानात मोहरीच्या शेतात असतात. त्यांनी देतानाच सांगितलं होतं की हा बसणार, म्हणजे थिजणार, पण ते आईला सांगायचं मी विसरलो.

गंमत अशी की तुपाला छान रवा धरला की आपण खूश होतो, पाहुण्यांना दाखवतो, आणि मधाला धरला की दुकानदाराशी भांडतो. रवा धरायला सुरुवातीला काहीतरी आधार लागतो, परागकण, मेणाचा बारीक तुकडा, हवेचा बुडबुडा, काहीही. मोठ्या कंपन्या मध गरम करून एकदम बारीक गाळतात, त्यात हा आधारच निघून जातो म्हणून त्यांची बाटली दुकानात वर्षभर चकाचक पातळ दिसते. आणि सवय त्याचीच लागल्यामुळे आपल्याला तोच खरा वाटतो. पण उलटा निष्कर्ष पण काढू नका हं, की थिजला म्हणजे शुद्धच. साखरेच्या पाकाची भेसळ केलेला मधसुद्धा बसू शकतो. थिजणं हे शुद्धतेचं सर्टिफिकेट नाही आणि भेसळीचा पुरावा पण नाही, ते फक्त ग्लुकोज, पाणी आणि थंडी यांचं आपसातलं प्रकरण आहे.

पातळ करायचाच असेल तर बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, हात बुडवून आरामात ठेवता येईल इतपतच कोमट, ४० अंशाच्या आसपास, आणि वेळ द्या, अर्धा-पाऊण तास. गॅसवर डायरेक्ट नको, मायक्रोवेव्ह पण नको. फ्रीजमध्ये मध ठेवायची तर काहीच गरज नाही, उगाच दगड होतो आणि चमचे वाकतात.

आता मुळात माशी हा प्रकार करते कसा. इथे मला आईचंच उदाहरण देऊन तिला गप्प करता आलं. गुलाबजामचा पाक करताना ती त्यात लिंबू पिळते. का, तर पाक बसू नये म्हणून, म्हणजे दुसऱ्या दिवशी भांड्याच्या कडेला साखरेचे खडे जमू नयेत म्हणून. तिला तिच्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. त्यामागे होतं असं की आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोज म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज हातात हात घालून. लिंबाचं आम्ल आणि उष्णता मिळून काही जोड्या सोडवतात, मग पाकात तीन वेगळ्या साखरा होतात आणि त्या एकमेकींना नीट ओळीत बसू देत नाहीत.

मधमाशी हेच करते, फक्त लिंबाऐवजी स्वतःच्या लाळेतल्या इन्व्हर्टेज नावाच्या एन्झाइमने आणि गॅस न पेटवता. फुलातला मकरंद म्हणजे पातळ सरबत, बहुतेक वेळा त्यात निम्म्याहून जास्त पाणीच. ते ती शोषून एका वेगळ्या पिशवीत भरते. ही पिशवी तिच्या पचनाच्या पोटाच्या अलीकडे असते, त्यामुळे "मध म्हणजे माशीची उलटी" हे जे जेवताना मुद्दाम सांगणारे भाऊ असतात त्यांना सांगा की पोटात गेलेलंच नाही तर उलटी कसली. पोळ्यावर आल्यावर ते सरबत एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे दिलं जातं, प्रत्येकीचं एन्झाइम त्यात मिसळत जातं, मग ते षटकोनी घरात पातळ पसरायचं आणि हजारो जणींनी पंख हलवून वारा घालत बसायचं, रात्रभर, पाणी उडेपर्यंत. पाणी १८-२० टक्क्यांच्या खाली आलं की वर मेणाचं झाकण. ते झाकण लागलं म्हणजे मध पिकला, त्याआधी काढला तर तो कच्चा मध. एक कामकरी माशी आख्ख्या आयुष्यात साधारण छोट्या चमच्याचा बारावा हिस्सा मध बनवते असं सांगतात. चहात एक चमचा घातला की बारा जणींचं आयुष्य संपलं, जरा विचित्र वाटतं हे लिहिताना पण हिशोब तसाच आहे.

नासत का नाही याचं उत्तर पण इथेच आहे आणि ते मोरांब्याचंच उत्तर आहे. जंतूला जगायला पाणी लागतं, मधात पाणी इतकं कमी आणि साखर इतकी जास्त की चुकून पडलेल्या जंतूच्या अंगातलंच पाणी साखर ओढून घेते. शिवाय मध बऱ्यापैकी आंबट असतो, पीएच चारच्या आसपास, जिभेला गोडीमुळे कळत नाही एवढंच. आणि माशीने घातलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं आणखी एक एन्झाइम, मध थोडा पातळ झाला की हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक तयार करतं. जखमेवर मध लावायची जुनी पद्धत होती तिच्यामागे हे आहे, पण म्हणून स्वयंपाकघरातली बाटली घेऊन जखमेवर ओतू नका, दवाखान्यात वापरतात तो जंतुविरहित केलेला वेगळा मध असतो.

पण हे सगळं पाणी कमी आहे तोपर्यंतच. मध हवेतलं पाणी ओढतो, मिठासारखं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये मीठ बरणीत कसं चिकचिकीत होतं, तसं मधाचं पण होतं, फक्त दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी मी भीमाशंकरच्या बाजूने आणलेली मधाची बरणी झाकण अर्धवट लावून पावसाळाभर तशीच ठेवली होती, गणपतीत पंचामृताला काढायला गेलो तर वर फेस, आणि वास ताडीसारखा. वरच्या थरात पाणी वाढलं की गोडात जगणारं यीस्ट जागं होतं आणि आंबवायला लागतं. थिजलेल्या मधात सुद्धा हा धोका जरा जास्तच असतो कारण ग्लुकोज बाहेर पडलं की उरलेल्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे झाकण घट्ट, चमचा कोरडा, बस. चमचा स्टीलचा चालतो का विचारतात लोक, चालतो हो, आरामात. मध स्टीलला काही करत नाही, लोखंडाच्या किंवा तांब्याच्या भांड्यात मात्र साठवू नका कारण तो आंबट आहे.

आपल्या रानातला मध मुळातच जरा पातळ असतो हे पण माहीत असू द्या. आपल्याकडे माश्या चार-पाच प्रकारच्या. मोठी आग्या, जिची पोळी झाडांना, कड्यांना आणि आता बिल्डिंगच्या सज्जांना लटकतात. सातेरी, जी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाखाली एक न बांधता शेजारी शेजारी बरीच पोळी बांधते आणि पेटीत पण पाळता येते. छोटी फुलोरी, झुडपावर एकच तळहाताएवढं पोळं. आणि डंख नसलेली एकदम बारीक पोयाची माशी. पाचवी म्हणजे युरोपातली मेलीफेरा, साठच्या दशकात आपल्या देशात नीट रुजली आणि आज बाजारात दिसणारा बराचसा मध तिचाच. आग्या आणि सातेरीच्या मधात पाणी जास्त असू शकतं. पूर्वीच्या अन्नभेसळीच्या नियमात २५ टक्क्यांपर्यंत पाणी चालायचं, आता एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात कमाल २० टक्के आहे. म्हणजे एखाद्या आदिवासी पाड्यावरून आणलेला शंभर टक्के खरा मध पण या नियमात नापास होऊ शकतो आणि लवकर आंबू शकतो. खरा आणि टिकाऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. याच नियमात सुक्रोज जास्तीत जास्त ५ टक्के असं लिहिलंय, कारण जास्त सुक्रोज म्हणजे कोणीतरी साखर ओतली असा संशय. पण त्याला अपवाद आहे, दोनच प्रकारच्या मधांना १० टक्क्यांपर्यंत सूट, आणि त्यातला एक म्हणजे आपल्या कारवीचा. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी ती कारवी, जिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती करतात, ती थेट देशाच्या कायद्यात जाऊन बसलीये. कारवी फुलते त्या वर्षी महाबळेश्वरच्या बाजूला मधाचं पीक जोरात असतं. एरवी तिकडे जांभूळ, हिरडा, गेळा. जांभळाचा मध चाखला नसेल तर चाखा एकदा, गडद आणि मागे किंचित तुरट कडवट, ज्यांना मध म्हणजे नुसतं गोड वाटतं त्यांनी तर नक्कीच. तिथल्या मांघर गावाला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. आणि पुणेकरांना बहुतेक माहीत नसतं पण खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आपल्याच गणेशखिंड रोडला आहे, १९६२ पासून. लाखो लोक रोज समोरून जातात, मी स्वतः कॉलेजची तीन वर्षं तिथून गेलोय, बोर्ड वाचला नव्हता.

आता भेसळ. गेल्या मे महिन्यात सोसायटीच्या गेटवर एक माणूस आला, अॅल्युमिनियमची बादली, त्यात मध आणि वर पोळ्याचे तुकडे तरंगतायत, दोन-चार मेलेल्या माश्या पण. "ताजा आग्या मोहोळाचा, आत्ता काढलाय, मागच्या टेकडीवर." समोरच्या काकू खमक्या, म्हणाल्या टेस्ट दाखव. त्याने शांतपणे खिशातून काडेपेटी काढली, काडी मधात बुडवली, पुसली, ओढली, पेटली. मग ग्लासभर पाण्यात थेंब टाकला, थेंब सरळ तळाला. टिश्यूवर थेंब ठेवला, पसरला नाही. काकूंनी दोन किलो घेतला, मी एक. चौथ्या दिवशी तळाला खडीसाखरेसारखे टणक खडे आणि वरच्या पातळाला काकवीचा वास.

टेस्ट खोट्या नव्हत्या, पण त्या टेस्ट मोजतात काय हे कोणी विचारत नाही. काडी पेटते कारण पाणी कमी आहे. थेंब तळाला जातो कारण तो जड आणि घट्ट आहे, मध पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असतो. टिश्यूवर पसरत नाही, पुन्हा कारण पाणी कमी. म्हणजे सगळ्या घरगुती टेस्ट एकच गोष्ट सांगतात, हे द्रव घट्ट आहे. दोनतारी पाक पण घट्टच असतो की. कोणी मधात सरळ पाणी किंवा पातळ गुळवणी घातली असेल तर ते कळेल, आणि एफएसएसएआयच्या घरगुती तपासणीच्या पुस्तिकेत पाण्यात थेंब टाकायची टेस्ट आहे ती तेवढ्यासाठीच ठीक आहे. कुत्रं शुद्ध मध खात नाही आणि मधात पडलेली माशी उडून जाते, यावर तर मी काही बोलतच नाही.

लॅबमध्ये मात्र मजेशीर मार्ग आहे. झाडं हवेतला कार्बन ओढून साखर बनवतात, आणि त्यांच्या ओढायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही एका घराण्यातली, त्यांना सी-फोर म्हणतात. भात, गहू, बीट, आणि माश्या ज्या फुलांवर जातात त्यातली बहुतेक झाडं दुसऱ्या घराण्यातली, सी-थ्री. कार्बनचा एक किंचित जड भाऊ असतो, कार्बन-१३, आणि सी-फोर घराण्याच्या साखरेत तो थोडा जास्त येतो. मशीनमध्ये हे प्रमाण मोजलं की मधात उसाची किंवा मक्याची साखर किती आलीये ते कळतं, नियमात तिची मर्यादा ७ टक्के आहे. वास, रंग, घट्टपणा काहीही जमवा, कार्बनची कुंडली बदलता येत नाही.

मग भेसळवाल्यांनी काय केलं, घराणंच बदललं. तांदळापासून, बीटपासून सिरप बनवलं, ते सी-थ्री, मधासारखंच, उसाची टेस्ट आरामात पास. तांदळाचं सिरप पकडायला वेगळ्या टेस्ट आल्या, मग त्या पण पास होतील अशी सिरपं आली. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँडचे नमुने जर्मनीतल्या लॅबमध्ये एनएमआर नावाच्या तपासणीला पाठवले, त्यात १० ब्रँड नापास झाले असं त्यांनी जाहीर केलं, आणि यातले बरेचसे आपल्याकडच्या नेहमीच्या टेस्टमध्ये पास होत होते. कंपन्यांनी आरोप फेटाळले, बरीच वादावादी झाली. एनएमआर म्हणजे ढोबळमानाने मधाचा आख्खा बोटाचा ठसा घ्यायचा, एकेका साखरेमागे न लागता सगळी द्रव्यं एकत्र कशी दिसतात ते बघायचं आणि ते खऱ्या मधांच्या साठवलेल्या ठशांशी जुळवायचं. यात पण मेख आहे, साठवलेल्या ठशांत तुमच्या भागातला मधच नसेल तर खरा मध पण परका ठरू शकतो.

मग घ्यायचा कुठून? माझं मत, माणूस बघून घ्या. जो पेट्या ठेवतो, जो सांगू शकतो की हा कुठल्या फुलाचा, कुठल्या महिन्यात काढला, आणि ज्याचा मध दरवेळी वेगळ्या रंगाचा येतो. बारा महिने एकच रंग, एकच चव हे फुलांना जमत नाही. आणि पोळं तरंगणाऱ्या बादल्या नकोच. उन्हात फिरणाऱ्या बादलीत पोळ्याचे तुकडे टाकायला कुठे काय लागतं, आमच्या काकूंकडचे दोन तुकडे तर प्लास्टिकच्या पिशवीत भरून परत फेकायला लागले.

आता ज्यांना मध "साखरेऐवजी" खायचाय त्यांच्यासाठी कडू बातमी. बाबांना शुगर आहे, त्यांना कोणीतरी सकाळी फिरायच्या ग्रुपमध्ये सांगितलं की मध नॅचरल आहे, चालतो, मग ते कोमट पाण्यात लिंबू आणि दोन चमचे मध घेऊन डबल मॅरेथॉन जिंकल्यासारखे बसायचे. १०० ग्रॅम मधात ३०० च्या थोड्या वर कॅलरी, १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या जवळ, म्हणून मध हलका असं म्हणतात. पण खातो आपण चमच्याने. छोटा चमचा मध साधारण ७ ग्रॅम भरतो म्हणजे २० कॅलरी, तेवढाच चमचा साखर ४ ग्रॅम म्हणजे १६. मध जड आहे ना. फ्रुक्टोजमुळे तो जास्त गोड लागतो त्यामुळे कमी घातला तर थोडा फायदा होतो, रक्तातली साखर पण साखरेपेक्षा किंचित हळू वाढवतो, पण तो "किंचित" खरंच किंचित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात रोजच्या ज्या साखरा कमी करायला सांगितल्यात त्यात मध नावानिशी धरलाय. खनिजं, जीवनसत्त्वं असतात पण इतकी कमी की त्यासाठी मध खाणं म्हणजे मिठासाठी समुद्र पिणं. बाबांना डॉक्टरांनी सांगितल्यावर आता नुसतं लिंबू-पाणी, तोंड वाकडं करून.

खोकल्याला मात्र मध खरंच बरा, रात्री झोपताना चमचाभर, मोठ्यांना आणि वर्षावरच्या मुलांना घसा शांत पडायला मदत होते.

गरम करण्याचा वाद. आयुर्वेदात मध तापवू नये असं स्पष्ट सांगितलंय आणि आमची आजी गरम चहात मध घालणाऱ्याकडे विष घातल्यासारखं बघायची. आजचं रसायनशास्त्र काय म्हणतं तर तापवला की एन्झाइम मरतात, वास उडतो आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं. नियमात त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे, पण ती मुख्यतः मध जुना किंवा फार तापवलेला आहे का ते ओळखायला. हेच एचएमएफ भाजलेल्या कॉफीत, पावाच्या खरपूस कडेत पण असतं. त्यामुळे कोमट पाण्यातल्या मधाने कोणी मरत नाही, पण चांगला जांभळाचा मध उकळत्या चहात ओतणं म्हणजे हापूसचा मिल्कशेक करणं, गुन्हा नाही पण जीव हळहळतो. एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर बाटली विसरलात तर तिथे पण हेच होतं, गॅस न लावता.

एक गोष्ट मात्र अजिबात गमतीवारी नेऊ नका, लहान बाळ. मागच्या वर्षी बहिणीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर आजी सोन्याची अंगठी मधात बुडवून तयार, आणि मालिशवाल्या मावशी सहाणेवर गुटी उगाळून त्यात मध मिसळायला तयार. बहिणीने हात धरला. आजी म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना चाटवलाय, मेलात का?" प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर पण सोपं आहे. मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं झोपलेली असतात. मधात पाणी नाही म्हणून ती उगवत नाहीत, पण मरत पण नाहीत, घरगुती उकळण्याने सुद्धा नाही. तुमच्या-माझ्या आतड्यात आधीच इतके जंतू दाटीवाटीने बसलेत की त्यांना जागा मिळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं रिकामं मैदान असतं, तिथे ती उगवतात आणि विष तयार करतात, मग बद्धकोष्ठ, क्षीण रडणं, दूध ओढता न येणं, मान आणि अंग ढिलं पडणं, आणि श्वासापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. फार क्वचित होतं म्हणूनच आजीच्या पाहण्यात नाही. पण शुद्ध मधाने पण होतं, गावठी मधाने पण होतं, शुद्धतेचा इथे काही संबंध नाही. म्हणून बारा महिने पूर्ण होईपर्यंत मध नाही, बोटभर नाही, चोखणीला लावून नाही, गुटीत नाही. आमच्याकडे शेवटी तोडगा निघाला, अंगठी बाळाच्या कपाळाला टेकवली आणि मध आजीने स्वतः चाटला.

तर ती थिजलेली बाटली. हे सगळं आईला सांगून झाल्यावर मी कोमट पाण्याचं पातेलं ठेवलं, म्हटलं करून देतो पातळ. ती तोवर चमच्याने खरवडून त्यातला गोळा गरम पोळीवर लावून बघत होती, लोण्यासारखा पसरत होता आणि पोळी गुंडाळली तरी हातावर ओघळत नव्हता. "राहू दे," म्हणाली, "असाच बराय. आणि त्या माणसाला विचार अजून एक आहे का, पण साडेपाचशे जास्त आहेत म्हणावं."